कागदावर मला बंद पाडलं

मित्रांनो, बाकीचं सांगण्याआधी एक खुलासा करतो. मी बंद पडलेलो नाही. कधीच पडलो नव्हतो.

हे सांगावं लागतं, कारण एका पतसंस्थेच्या फायलीत माझ्याविषयी एक अर्ज लावलेला आहे. 'सदर इंजिन पूर्णतः नादुरुस्त असून धंदा बंद आहे,' असं त्यात लिहिलं आहे आणि खाली माझ्या मालकाची सही आहे. तारीख नाताळच्या आठवड्यातली. त्या दिवशी मी तारकर्लीच्या किनाऱ्यावरून पाच फेऱ्या मारल्या होत्या. चाळीस पर्यटक, सव्वीस लिटर इंधन, आणि एकदाही खोकलो नाही. संध्याकाळी मालकानं मला गोड्या पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, प्रेमानं थोपटलं, आणि मग घरात जाऊन मी मेल्याचा अर्ज लिहिला!

मी होडीच्या मागच्या फळीला लटकणारं इंजिन. ताकद दहा घोड्यांची. माझा जन्म दूर समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि माझ्या पोटावर कोरलेला नंबर आठवतो. लाकडी खोक्यातून मी मालवणला आलो, तेव्हा ते खोकं नुरुद्दीनभायनं उघडलं. बंदराजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. मला दोन्ही हातांनी उचलून त्यानं माझ्या कानाशी, म्हणजे माझ्या झाकणाशी कान लावला आणि म्हणाला, "बरा आसा. हेका वेळेवर तेल घाल, मगे दहा वर्सां बघूक नको."

हे तो ज्याला म्हणाला, तो माझा मालक लवू. तारकर्लीचा मासेमारी करणारा, पन्नाशीचा, छाती पुढे काढून चालणारा. हाताला चांगला, बोलायला त्याहून चांगला. होडी किनाऱ्याला लावावी तर त्यानंच. पर्यटक हौशीनं दोरी ओढायला पुढे झाले की तो त्यांना हातानं मागे सारायचा. मला चालू करण्याचा मान त्यानं कधी दुसऱ्याला दिला नाही.

माझी किंमत होती दोन लाख. वीस हजार लवूनं रोख दिले आणि एक लाख ऐंशी हजार पतसंस्थेनं. हप्ता महिना चार हजार सातशे, एकूण अठ्ठेचाळीस. आकडे मला पाठ आहेत, कारण ते माझेच आकडे आहेत. माझ्या अंगावरचं कर्ज मीच समुद्रात घाम गाळून फेडायचं होतं. त्याला माझी ना नव्हती.

पण पतसंस्थेला जामीन लागतो. आणि इथे त्या वाडीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. वाडीत ज्याला पगाराची चिठ्ठी मिळते, तो सगळ्या वाडीचा जामीन. त्याला कोणी विचारत नाही, त्याला फक्त कागद दाखवतात आणि कुठे सही करायची ते बोटानं दाखवतात. नाही म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. मग त्याच्या घरच्या कार्याला माणसं उशिरा येतात आणि लवकर जातात.

माझ्या वेळी वाडीत पगाराची चिठ्ठी एकटीकडेच होती. तेजस्वी. लवूच्या थोरल्या भावाची मुलगी. तिचे वडील गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाकी, त्यामुळे लहानपणापासून ती काकाच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच, वाढलेली. मालवणात डिप्लोमा करून ती कणकवलीकडच्या वीज उपकेंद्रात लागली. पेढे वाटले तो सोमवार. शुक्रवारपर्यंत तिनं तीन कागदांवर सह्या केल्या होत्या. एक समदच्या जाळ्यांसाठी, एक शेवंतीच्या शिलाई मशीनसाठी आणि तिसरा माझ्यासाठी.

"चेडवा, हय सही कर," लवू म्हणाला होता. "तुका एक पैसो देवक लागाचो नाय. नुसती सही."

लवूची बायको यशोदा चुलीवरून म्हणाली, "पेढ्यांचो बॉक्स अजून रिकामो होवक नाय, तेच्या आधी तुमचे कागद इले!"

"तू गप रव," लवू म्हणाला. तेजस्वी हसली आणि तिनं सही केली.

आता हिशोब ऐका. समदनं जाळ्यांचे पैसे फेडले, मासळी मिळो न मिळो. शेवंती तर शाळेचे गणवेश शिवून दर महिन्याच्या पाच तारखेला पतसंस्थेत चालत जायची. एकदा पायाला पट्टी होती, तरी गेली. आणि लवू? त्याच्याकडे मी होतो! नोव्हेंबर ते मे पर्यटकांचा हंगाम. डॉल्फिन बघायला होडीभर माणसं, एका फेरीचे सोळाशे रुपये. इंधन, दुरुस्ती, होडीची रंगरंगोटी, मदतनिसाची मजुरी सगळं वजा करा, तरी वर्षाला सव्वादोन लाख मी त्याच्या हातात ठेवत होतो. त्यातले छप्पन हजार हप्त्यांचे. उरलेल्यात संसार सहज होतो.

एकोणीस हप्ते त्यानं भरले. विसाव्यापासून थांबला.

पैसे गेले कुठे? मी सांगतो. पर्यटकांसाठी घरामागे दोन खोल्या उठल्या. एका भिंतीएवढा टीव्ही आला. एक भारी मोटरसायकल आली, जी घरापासून बाजारापर्यंत जाते आणि बाजारापासून घरी येते. रोजचे सहा किलोमीटर; माझ्या एका फेरीत मी तिला दोनदा हरवलं असतं. यांतलं काहीही वाईट नाही, मित्रांनो. माणसानं टीव्ही बघावा. पण खळ्यात बसून लवू गप्पा-गजालींत जे सांगायचा, ते ऐकून माझ्या अंगातलं तेल तापायचं.

"निवडणूक इली काय कर्ज माफ होतला," तो म्हणायचा. "जे भरतत ते खुळे."

"मगे शेवंती खुळी?" यशोदा विचारायची.

"शेवंतीक राजकारण कळणा नाय."

पतसंस्थेच्या नोटिसा आल्या, तेव्हा त्यानं तो अर्ज दिला. इंजिन बंद, धंदा बंद, सवलत मिळावी. पतसंस्थेनं तो फायलीला लावला आणि थकबाकी तशीच चढू दिली. आणि एक गोष्ट झाली, जी त्या खळ्यात कोणालाच ठाऊक नव्हती. थकबाकीची नोंद एकट्या लवूच्या नावावर होत नाही. जामिनाच्याही नावावर होते. दर महिन्याला, न चुकता, तेजस्वीच्या नावापुढे एक काळी खूण पडत होती. चौदा महिने. चौदा खुणा.

आता मूळ गोष्टीवर येतो.

किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर समुद्रावर नजर ठेवणारं सरकारी केंद्र आहे. आत पडदे असतात, त्यांवर येणारी-जाणारी प्रत्येक होडी ठिपक्यासारखी दिसते. तिथे तांत्रिक जागा निघाल्या. तेजस्वी लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत आली. तिला ती नोकरी किती हवी होती, हे मला ठाऊक आहे, कारण रविवारी घरी आली की ती मांगराच्या, म्हणजे जाळी-सामानाच्या कोठीच्या, पायरीवर बसून अभ्यास करायची, आणि मांगरात लाकडी घोडीवर मी टांगलेलो असायचो. तिनं सोडवलेली गणितं मी ऐकली आहेत. चुकली की ती स्वतःला मोठ्यानं शिव्या घालायची.

पण अशा ठिकाणी नुसत्या गुणांवर आत घेत नाहीत. सुरक्षा मंजुरी लागते. तुम्ही कोण, कुठले, कोणाबरोबर राहता, आणि पैशाच्या बाबतीत तुमचं काय चाललं आहे, हे सगळं तपासतात. त्यासाठी एक लांबलचक फॉर्म असतो. तो मांडीवर घेऊन ती खळ्यात बसली. लवू शेजारी जाळं शिवत होता.

"काका, हयसर विचारल्यानी हा, कोणाक जामीन आसास काय. ते मी तिनय लिहिलंय. फुडे विचारतत, थकबाकी आसा काय. समदचा फिटला, शेवंतीकाकीचा फिटात इला. तुमचा?"

"फिटला गो. सगळा मिटला."

"पावती आसा?"

लवूनं सुई खाली ठेवली. "पावती? सख्ख्या चुलत्याक पावती मागतस? उद्या बापाशीकडे जन्माचो दाखलो मागशीत!"

खळ्यातली सगळी माणसं हसली. तेजस्वी ओशाळली. आणि तिनं त्या रकान्यात लिहिलं: 'नाही.'

मित्रांनो, त्या वेळी मी घोडीवर होतो, आणि माझ्या तोंडून एक आवाज निघू शकला असता तर मी माझे दहाही घोडे सोडले असते. वीज उपकेंद्रात ही मुलगी मीटरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय वहीत लिहीत नाही. पण चुलत्याला पावती मागणं म्हणजे त्याचा अपमान, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. परक्या माणसाकडे तिनं ती मागितलीच असती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'आपण दिलेली माहिती व आपला पत अहवाल यांत तफावत आढळते. पंधरा दिवसांत खुलासा करावा. चौकशी अधिकारी प्रत्यक्ष भेट देतील.'

ती रजा काढून पतसंस्थेत गेली. तिथल्या लेखनिकानं फाईल उघडली आणि माझ्या मृत्यूचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिनं त्याची नक्कल मागून घेतली. घरी येऊन ती थेट मांगरात आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं तो कागद यशोदेला मोठ्यानं वाचून दाखवला.

"नादुरुस्त?" यशोदा म्हणाली. "काल सहा फेऱ्यो झाल्यो!"

"काकी, चौदा हप्ते थकले हत. आणि मी लिहून दिलंय, काय्येक थकूक नाय."

यशोदेनं कागद हातात घेतला आणि खालची सही बघितली.

तेजस्वीनं त्याच आठवड्यात आपली सगळी शिल्लक काढली. चौदा हप्त्यांचे पासष्ट हजार आठशे, वर दंडव्याज, एकूण सत्तर हजार तीनशे. पावती घेतली. लवूला हे कळलं तेव्हा तो काय म्हणाला असेल? त्याला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. तो म्हणाला, "बघ! मिटला की नाय? उगाच घाबरलंस."

संतापानं माझा पंखा जागच्या जागी फिरायचा तेवढा बाकी होता. मी महिन्याला मिळवून दिलेले पैसे भिंतीवरच्या टीव्हीत गेले, आणि माझे हप्ते एका पोरीनं वीज उपकेंद्रात पाळ्या करून भरले. कशाला मग मी ऊन, खार, वाळू खात होतो?

पण मिटलं नव्हतं. पैसे भरले, तरी तो 'नाही' तसाच होता. आणि चौकशीचा साहेब येणार होता. मग वाडीतली शहाणी माणसं एकेक करून तेजस्वीला भेटून गेली. सगळ्यांचा सल्ला एकच. सायबाला सांग, इंजिन खरंच बंद होतं. गरिबी होती. दया येईल, सुटशील. काकाही सुटेल.

"तुझा पण काम, माझा पण काम," लवू म्हणाला. "नायतर माझ्यार फसवणुकीची केस टाकतीत. बघ, तुझो चुलतो जेलात गेलेलो चलात तुका?"

ती नुसती उपकेंद्राची चावी बोटाभोवती फिरवत राहिली. मी तिच्यावरही रागावलो. बोल ना! पण ज्या खळ्यात आपण रांगलो, त्या खळ्यात उभं राहून चुलत्याला खोटारडा म्हणणं, हे मला सांगायला सोपं आहे. मी लोखंड आहे.

लवू मग नुरुद्दीनभायकडे गेला. इंजिन बंद असल्याचा दाखला लिहून दे म्हणाला. नुरुद्दीनभायनं नंतर हे यशोदेला सांगितलं, म्हणून मला कळलं. तो म्हणाला होता, "लवू, माणसांचे डॉक्टर खोटे दाखले देतत, ता तू बघ. इंजिनाचो डॉक्टर देणा नाय. माझ्या वहीत ह्या इंजिनाचा तेल किती वेळा बदलला, ता लिहिलेला आसा. मेलेल्या जनावराक कोण पाणी पाजता?"

तेव्हा लवूनं आपल्या हातानं उपाय केला. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी त्यानं माझे प्लग काढून खिशात टाकले. इंधन काढलं. झाकणावर चुलीतली राख चोळली. वर फाटकं जाळं टाकलं. मित्रांनो, जवळजवळ तीन वर्षं ज्यानं मला फडक्यानं पुसलं, त्यानं त्या दिवशी मला राख फासली! आणि लांब उभं राहून बघितलं, मी पुरेसा मेलेला दिसतो का.

बुधवारी सकाळी साहेब आला. साधा शर्ट, हातात फाईल. खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. यशोदेनं कोकम सरबत दिलं. वाडीतली दहाबारा माणसं आपोआप जमली. नुरुद्दीनभायही आला होता. त्याला कोणी बोलावलं, हे लवूला कळेना. तो यशोदेकडे बघत होता आणि यशोदा पेला धूत होती.

लवू एकदम प्रमाण मराठीत बोलू लागला. तो खोटं बोलताना नेहमीच प्रमाण मराठीत बोलतो. "साहेब, इंजिन बंद अवस्थेत असल्याकारणाने उत्पन्नाचे साधन राहिले नाही. मुलीचा काही दोष नाही."

साहेबानं लिहून घेतलं. मग तेजस्वीला म्हणाला, "तुम्ही बाकी भरलीत, ती पावती मी पाहिली. ते तुमच्या बाजूचं आहे. पण एक समजून घ्या. आमच्याकडे कर्ज असलेली पुष्कळ माणसं काम करतात. घराचं, लग्नाचं, आजारपणाचं. कर्ज असणं नडत नाही. ऐपत असून न भरणं नडतं, आणि लपवणं त्याहून जास्त नडतं. का, सांगा?"

"कोणाला तरी ते माहीत असतं," ती म्हणाली.

"बरोबर. तुमचं लपवलेलं ज्याला माहीत आहे, तो उद्या येऊन म्हणेल, आज अमुक होडी पडद्यावर दिसली तर नोंद करू नका. नाहीतर मी सांगतो सगळ्यांना. तुम्ही काय कराल, ते मला ठाऊक नाही. म्हणून मी आधी विचारतो." त्यानं पान उलटलं. "तुम्ही 'नाही' लिहिलंत, तेव्हा थकबाकी माहीत होती?"

"नाही, साहेब. विचारलं होतं. पावती बघितली नाही. ती माझी चूक."

"कोणाला विचारलं होतं?"

तेजस्वी खाली बघत होती.

"बरं. हे सांगा. हे इंजिन खरंच बंद होतं का?"

आता मित्रांनो, माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे. हो म्हणाली तर दुसरं खोटं, तेही साहेबाच्या तोंडावर. नाही म्हणाली तर काका गेला. तिनं वर बघितलं.

"साहेब, माझ्या सांगण्यावर तुम्ही एकदा विश्वास ठेवलात, आणि ते चुकीचं निघालं. आता माझं ऐकू नका. इंजिन मांगरात आहे. तुम्हीच बघा."

लवूचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. राख होती ना! जाळं होतं! सगळी वरात मांगरात आली. साहेबानं माझ्यावरचं जाळं बाजूला केलं, राखेत बोट फिरवलं, आणि मान हलवली. म्हणजे त्याला पटत होतं. मला! मेलेला समजत होता!

"तपासून बघूया," नुरुद्दीनभाय म्हणाला, आणि शर्टाच्या खिशातून कोरे करकरीत प्लग काढले.

"पण समुद्रावर नेऊचा लागतला," लवू घाईनं म्हणाला. "पाण्याशिवाय चालू केलात तर जळात."

"पाणी आसा," यशोदा म्हणाली.

मांगरामागे निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. सकाळी ती विहिरीवर इतक्या फेऱ्या का घालत होती, ते मला तेव्हा कळलं. दुकानात इंजिन तपासायचं तर मिस्त्री ते अशाच पाण्याच्या पिंपावर बसवतात, म्हणजे पंखा बुडालेला राहतो. नुरुद्दीनभाय आणि समद यांनी मला उचलून पिंपावर चढवलं. प्लग बसले. नुरुद्दीनभायनं आणलेल्या डब्याला इंधनाची नळी जोडली. आणि मग नुरुद्दीनभाय दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "मी ओढूचंय नाय. मगे लवू म्हणात, मिस्त्रीन काय तरी जादू केल्यान."

तेजस्वी हात मागे बांधून उभी. यशोदेनं पदर खोचला आणि दोरी धरली.

तिनं आयुष्यात ही दोरी कधी धरली नव्हती. ओढली ती विहिरीच्या रहाटासारखी, सावकाश, दोन्ही हातांनी. मी घशातल्या घशात गुरगुरलो आणि थांबलो. दुसऱ्यांदा ओढली. तसंच. माझी इच्छा असून चालत नाही हो. चोक ओढावा लागतो, हिसका द्यावा लागतो! तिसऱ्यांदा ओढली तेव्हा दोरी तिच्या हातातून सुटली. वाडीतला कोणीतरी म्हणाला, "बंदच दिसता."

साहेबानं पेन काढलं. लिहायला सुरुवात केली. तेजस्वीनं डोळे मिटले. आणखी दोन ओळी आणि लवू जिंकला होता. त्याला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

पण यशोदेनं चौथ्यांदा दोरी धरली, तीही उलट्या हातानं, आणि पाय पिंपाला लावून. आणि लवूला ते बघवेना. मी त्याचा चेहरा बघत होतो. घाबरलेला नव्हता तो, त्याला ते सहनच होईना. बावीस वर्षं होडी हाकणारा माणूस, आणि दहाबारा लोकांसमोर आपल्या इंजिनाची अशी दोरी ओढली जातेय!

"असा नाय ओढूचा गो!" तो ओरडला. "सर बाजूक!"

त्यानं तिला सारलं. डाव्या हातानं चोक ओढला, अंगठ्यानं मूठ थोडी फिरवली, एक पाय मागे, आणि एकच हिसका.

मी पेटलो! पहिल्याच हिसक्याला. पिंपातलं पाणी उसळून सगळ्यांच्या अंगावर उडालं, राख झडली, मांगराची कौलं थरथरली. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी त्या आवाजात घातलं. लवू सवयीनं मूठ कमी करून माझा आवाज ऐकत होता, मान तिरकी करून, आणि क्षणभर त्याच्या तोंडावर जुनं समाधान होतं. मग त्याला आठवलं, आपण कुठे उभे आहोत.

हातात दोरीची मूठ. समोर साहेब. साहेबाच्या फायलीवर पाण्याचे थेंब.

त्यानं मला बंद केलं. मग तोच बोलला, आणि या वेळी मालवणीत. "पैशे होते, सायबानु. मी भरूक नाय. तिना माका इचारला, मी सांगलंय फिटला. तिका ठाऊक नव्हता."

"लिहून द्याल?"

"देतंय."

यशोदेनं पिंपातलं उरलेलं पाणी माडाला ओतायला घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, झालं सगळं गोड. तसं नाही. लवूचा जबाब, पतसंस्थेची पावती, तेजस्वीचा खुलासा असं सगळं वर गेलं, आणि त्यात पाच महिने गेले. तेवढ्यात पहिली तुकडी रुजू झाली. तिच्याबरोबर परीक्षा दिलेले, तिच्याहून कमी गुणांचे, आत गेले. एका शब्दाचे पाच महिने! मंजुरी आली ती दुसऱ्या तुकडीसाठी. आणि पहिल्या तुकडीची ज्येष्ठता ती निवृत्त होईपर्यंत तिला मिळणार नाही. या गोष्टीचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. कारण चुकला एक आणि खूण पडली दुसरीच्या नावापुढे.

यशोदेनं मला विकायला लावलं. पंचाण्णव हजार आले. त्यातले सत्तर हजार तीनशे तिनं तेजस्वीच्या हातात मोजून दिले, उरलेले पतसंस्थेत भरले आणि दोन्हींची पावती देवाच्या फोटोमागे लावली. बाकीचे हप्ते लवू आता भाड्याच्या होडीवर राबून भरतो. पाच तारखेला. शेवंतीच्या मागे रांगेत उभा राहून, असं ऐकतो.

मला तळेऱ्याजवळच्या एका तंत्रशाळेनं घेतलं. इथे मुलं मला उघडतात, जोडतात, पुन्हा उघडतात. समोर हायवे आहे, समुद्र नाही. नुरुद्दीनभाय महिन्यातून एकदा शिकवायला येतो, तेव्हा मालवणच्या बातम्या कळतात. खारा वारा मात्र तो आणू शकत नाही.

निरोप घेताना माझ्यासारख्यांनी यंत्रांची निगा राखा असं सांगायचं असतं. ते सांगतोच. वेळेवर तेल बदला, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा. पण माझी खरी विनवणी दुसरी आहे. तुमच्यासाठी कोणी कधी सही केली, तर त्या माणसाची निगा आधी राखा. माझा प्लग खराब झाला तर मालवणच्या बाजारात नव्वद रुपयांत नवा मिळतो. तेजस्वीचे पाच महिने नुरुद्दीनभायच्या दुकानात मिळत नाहीत. माझं विचारून झालं आहे.